चांगुणाबाईच्या डोक्यावरची बाज

मित्रांनो, मला जवळून पाहिलंत तर आधी तुम्हाला हसू येईल. चार पाय, चार दांडे आणि मधोमध नुसती हवा. ही कसली बाज, असं म्हणाल. पण मी बाजच आहे. शहरातली माणसं मला खाट म्हणतात, आमच्या बुलढाण्याकडे बाज म्हणतात. धाडच्या रस्त्याला एक लहानसं गाव आहे, गावाच्या कडेला एक पडकी खोली आहे, आणि त्या खोलीच्या मागच्या भिंतीला मला उभी करून ठेवलेली आहे. माझ्यावर कोणी मिरच्या वाळवत नाही की शेवया घालत नाही. निदान सरपणाला तरी न्यावं, तर तेही नाही. मला हात लावायला अख्खं गाव भितं. का भितं तेच सांगायचं आहे. ऐका बापांनो, कारण माझं ऐकणारं इथे खारीवाचून कोणी उरलेलं नाही.

माझा जन्म चिखलीचा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. बाजारपेठेच्या मागे मेहबूब मिस्त्रीचं सुतारकामाचं छप्पर होतं. माझे पाय त्यानं बाभळीचे केले आणि दांडे सागाचे. अंबाडीची दोरी भिजवून, वळून, त्यानं मला स्वतः विणलं. विणताना तो आपल्याशीच पुटपुटायचा. जास्त ताणली तर अंगाला टोचते, ढिली सोडली तर माणूस खड्ड्यात पडतो, दोहोंच्या मधे ठेवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. मला विणून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर आडवा झाला, डोळे मिटले, आणि उठून म्हणाला, “झोपनाऱ्याले वाटलं पाह्यजे, आपल्याले कोनी धरून ठेवलं हाये.” तेव्हा मी कोरी करकरीत होते. मला वाटलं, आपण एखाद्या नव्या नवरीच्या घरी जाणार, आपल्यावर बाळं लोळणार. वाटायला काय जातं!

मला घेतलं ते चांगुणाबाईनं. पन्नाशीकडे झुकलेली विधवा बाई, अंगावर पांढरं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडाचा लहानसा क्रूस. ती ख्रिस्ती होती. आमच्या त्या गावात एकटीच ख्रिस्ती. बायकांना अक्षरं शिकवायची, कोणाचं मूल तापलं तर त्याला घेऊन एसटीनं दवाखान्यात जायची, आणि रविवारी जमलं तर चिखलीला प्रार्थनेला. तिनं मला एसटीच्या टपावर टाकून फाट्यापर्यंत आणलं. फाट्यावर कोणी गाडीवाला मिळेना. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, मला उलटी करून डोक्यावर घेतलं आणि निघाली. माझे चारही पाय आभाळाकडे, आणि खाली ती, ताडताड चालणारी. रस्त्यानं लोक थांबून बघत होते. बाईमाणूस बाज डोक्यावर घेऊन चाललंय हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पुढे त्यांनी ते इतक्यांदा पाहिलं की त्याची त्यांना धडकी भरायला लागली.

तिला बाज कशाला हवी होती, ते आता सांगते. ती स्वतः तर चटईवर झोपायची.

तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे माणूस शेवटाला आला की त्याला बाजेवरून उतरवून शेणानं सारवलेल्या भुईवर घेतात. बाजेवर जीव गेला तर तो बाजेतच अडकतो, मोकळा होत नाही, अशी समजूत. चांगुणाबाई लहान असताना तिच्या आईला ताप आला. आई आता वाचत नाही असं सगळ्यांना वाटलं आणि त्यांनी तिला खाली घेतलं. पूस महिना होता. पण आईचा जीव गेला नाही. ती तशीच भुईवर पडून राहिली. मले वर घ्या, मले थंडी वाजते, असं ती म्हणत होती. पण एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत वर कोण घेणार? आयाबायांनी तिच्या नावानं रडूनही घेतलं होतं. तिच्यासमोरच तिची लुगडी कोणाला द्यायची याचं बोलणं चाललं होतं. लहानगी चांगुणा आईचे पाय आपल्या पोटाशी धरून बसली होती. ते पाय तिच्याच्यानं गरम झाले नाहीत.

पुढे मोठेपणी नवरा गेला, सासरच्यांनी हाकललं, आणि ती मिशनच्या दवाखान्यात जाऊन पडली. तिथल्या एका नर्सबाईनं तिचे गार पडलेले पाय आपल्या मांडीवर घेऊन शेकले. बाई परकी, ना नात्याची ना गोत्याची. हे तू का करतेस असं विचारल्यावर तिनं येशूचं नाव सांगितलं. चांगुणाबाई ख्रिस्ती झाली ती तिथे. धर्माच्या मोठ्या गोष्टी तिला फारशा सांगता येत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायची, “माह्या येशूनं सांगतलं हाये, जे कोनालेच नको, ते मीच हावो. आता त्याले भुईवर कसं पडू देऊ?” एवढाच तिचा धर्म आणि त्यासाठी ही बाज.

माझ्यावर पहिला निजला तो इंद्रभान. फाट्यावरच्या टपरीमागे पडलेला म्हातारा, पायाला जखमा, जवळ जावं तर वास. लोक त्याला ‘ए म्हाताऱ्या’ म्हणत. चांगुणाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं त्याचं नाव विचारलं.  नाव सांगायची त्याची सवयच गेली होती. मग हळूच म्हणाला, इंद्रभान. बस्स, त्या घडीपासून तिनं त्याला नावानं हाक मारली. मला फाट्यावर नेऊन तिनं त्याला माझ्यावर निजवलं आणि वाटसरूंच्या हातांनी आपल्या खोलीवर आणलं. इंद्रभानभाऊ, पाणी घ्या. इंद्रभानभाऊ, कुशीवर व्हा. जखमा धुवायची, कण्या शिजवून भरवायची, आणि काम झालं तरी उठून न जाता माझ्या दांड्याशी बसून राहायची. तो म्हणायचा, “बाई, ह्या बाजीवर पडलं की वाटते मी कोनाचा तरी हावो.” मित्रांनो, माझी जी काय स्तुती झाली असेल ती एवढीच. पण मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी त्याचा श्वास लागला. गावातले उकंडराव आणि आणखी काही जण खोलीशी आले. उकंडराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस, बोलणं थोडं पण ते कोणी मोडत नसे. त्यांनी सांगितलं, याला खाली घ्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. माणूस नीट जावा असंच त्यांना वाटत होतं. चांगुणाबाईनं हात जोडले आणि नाही म्हणाली. त्याले थंडी वाजते, मी त्याले खाली देनार नाई, असं म्हणून तिनं त्याचं डोकं हातावर घेतलं. इंद्रभान माझ्यावरच गेला, तिच्या हातावर. त्यानंतर त्याला अग्नी देण्यासाठी तिनंच दारोदार फिरून चार माणसं गोळा केली, कारण तो ख्रिस्ती नव्हता आणि तिनं त्याला ख्रिस्ती हो असं कधी म्हटलंही नव्हतं. पण गावाच्या लक्षात राहिलं ते एकच. इंद्रभानचा जीव बाजेत राहिला.

इंद्रभाननंतर भिमाबाई आली. तिची तीन लेकरं शहराकडे गेली होती आणि ती उंबऱ्यात बसून त्यांची वाट बघत वाळून चालली होती. तीही माझ्यावरच गेली. मग आणखी एक, मग आणखी एक. आता तुम्हीच सांगा, ज्याची सगळ्यांनी आशा सोडली त्यालाच चांगुणाबाई उचलून आणायची. तो मरणार नाही तर काय लग्न करणार? बरं, माझ्यावरून उठून चालत गेलेलीही माणसं होती. एक वाटसरू बाई महिनाभर तापात पडली होती, ती बरी होऊन आपल्या गावी गेली. ती कोणाच्या ध्यानात राहिली नाही. गेलेले तेवढे राहिले.

हळूहळू असं झालं की चांगुणाबाई मला डोक्यावर घेऊन निघाली की आया पोरांना घरात ओढायच्या. माझ्या चार पायांची सावली अंगणात पडू नये म्हणून बायका पाणी शिंपडायच्या. गावात कोणी जास्त आजारी आहे का, असं विचारायचं झालं तर लोक म्हणायचे, बाज निघाली का? हे चांगुणाबाईच्या कानावर यायचं. ती हसून सोडून द्यायची. म्हणायची, बोलून राह्यले तं बोलू द्या. मलाही वाटायचं, बोलू द्या. पण ज्यांच्यासाठी आपण आहोत तीच माणसं हे ऐकतात, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

ते कळलं झुंबरबाईपाशी.

झुंबरबाई म्हणजे उकंडरावांची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती चाळीसेक वर्षांपूर्वी. भाऊ होता तोवर घरात होती. भाऊ गेला, घरात माणसं वाढली, आणि तिचं अंथरूण सरकत सरकत पडवीत आलं, पडवीतून गोठ्यात गेलं. कोणी तिला जा म्हटलं नाही आणि कोणी थांब म्हटलं नाही. उकंडरावांची बायको रुक्मिणीबाई रोज सकाळ-संध्याकाळ भाकर आणून द्यायची, पण ताट ठेवायची आणि घाईनं परतायची, कारण तिच्यामागे कामाचा डोंगर. झुंबरबाईशी दिवसभर बोलणारं म्हणजे बैल.

त्या हिवाळ्यात झुंबरबाईची छाती भरली. गोठ्यातली जमीन ओली, खाली नुसतं पोतं. चांगुणाबाईला कळलं तशी ती मला डोक्यावर घेऊन निघाली. सकाळची वेळ होती, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गोठ्याच्या दारात तिनं मला उतरवलं आणि सुलटी करून ठेवली.

झुंबरबाईनं मला पाहिलं. मित्रांनो, मी पुष्कळ आजारी माणसं पाहिली, पण माझ्याकडे कोणी असं कधी पाहिलं नव्हतं. ती बसल्या जागेवरून सरकत मागे गेली, बैलांच्या दावणीखाली जाऊन भिंतीला चिकटली आणि दोन्ही हात पुढे धरून म्हणाली, “मी आताच मरत नाई वं बाई. मले नको नेऊ. मी इथं कोनाले तरास देत नाई.”

 चांगुणाबाई दारातच खाली बसली. आजवर गाव काय म्हणतं याचं तिला काही वाटलं नव्हतं, पण ज्या बाईला धरायला आली तीच तिला बघून दावणीखाली लपली, हे तिला सहन झालं नाही. मला म्हणाल तर त्या दिवशी मी असून मेले. मेहबूबनं मला माणसाला धरून ठेवायला केलं होतं, आणि मला पाहून एक म्हातारी जनावरांच्या पायात शिरली होती.

तिनं मला उचलून बाहेर उकिरड्यापलीकडे नेऊन ठेवलं, झुंबरबाईला दिसणार नाही अशी. मग आत जाऊन ओल्या भुईवर तिच्याजवळ बसली.  दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, हातात फक्त गरम पेजेचा गडू. झुंबरबाई पेज प्यायची, पण खोकला भुईतून वर चढत होता. वर उचलली नाही तर म्हातारी संक्रांत बघत नाही हे उघड होतं, आणि वर घ्यावं तर वर घ्यायला मीच होते.

तेव्हा चांगुणाबाईनं एक केलं. ते शहाणपणाचं होतं की वेडेपणाचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. तिनं मला गोठ्यात आणून उलट्या बाजूच्या भिंतीशी टाकलं आणि झुंबरबाईला सांगितलं, “माय, तू तिकडेच राह्य. ह्या बाजीवर मी झोपतो. तिले न्यायचंच असंन तं आधी मले नेईन.” आणि आपली एकुलती एक गोधडी तिनं झुंबरबाईच्या अंगावर घातली.

त्या गोठ्याला दार नव्हतं. पूस महिन्याचं वारं सरळ आत यायचं. जिनं आयुष्यभर माझ्यावर दुसऱ्यांना निजवलं ती आता पहिल्यांदा स्वतः माझ्यावर निजत होती, आणि तीही पांघरुणाशिवाय. उजाडलं की पलीकडून झुंबरबाईचा आवाज यायचा. “जित्ती हायेस का वं?” आणि चांगुणाबाई म्हणायची, “हाव माय, जित्ती हावो.” पुढे पुढे दोघींना त्याचं हसू यायला लागलं. एका सकाळी झुंबरबाई रांगत आली आणि बोटानं माझ्या दोरीला शिवून पटकन हात मागे घेतला. नंतर एकदा कडेवर टेकली. आणि मग एक दिवस, उन्हं गोठ्यात आली असताना, कोणी काही म्हटलं नसताना ती माझ्यावर आडवी झाली, पाय लांब केले आणि म्हणाली, “अवं, हे तं लय बरं लागते.” किती वर्षांनी तिनं पाय लांब केले होते कोण जाणे.

झुंबरबाई वाचली. होळीपर्यंत ती काठी टेकत गोठ्याच्या दारात येऊन बसू लागली. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. पण त्याच दिवसांत चांगुणाबाईला खोकला लागला तो गेला नाही.

वैशाखात तिनं अंथरूण धरलं. झुंबरबाईनंच हट्ट केला की बाज आता तुझी तुला, म्हणून मी परत या खोलीत आले. ती माझ्यावर पडली आणि गावानं मान हलवली. बाजीनं तिले बी धरलं, असं लोक म्हणाले. कोणी दारापर्यंत यायचं, पाण्याची कळशी बाहेर ठेवून जायचं, पण आत यायचं नाही. मी विचार करायचे, हिनं एवढ्यांना धरलं, त्यांतलं एक तरी माणूस हिच्यासाठी यायला हवं होतं. पण मित्रांनो, तिनं ज्यांना धरलं ते बहुतेक सगळे मरून गेले होते, आणि बरे झालेले आपापल्या गावी गेले होते. तिच्या प्रेमाची परतफेड करायला गावात जवळजवळ कोणी उरलंच नव्हतं. एसटीच्या कंडक्टरजवळ चिखलीला निरोप धाडला होता, तो कोणाला मिळाला, कधी मिळाला, काही कळायला मार्ग नव्हता.

आली ती झुंबरबाई. गोठ्यातून या खोलीपर्यंत येताना ती कितीदा बसली असेल देव जाणे. आली, आत शिरली आणि चांगुणाबाईच्या ओठांना पाणी लावायला लागली. दिवसभर बसायची. तिचे हात कापायचे, पाणी निम्मं सांडायचं, पण बसायची.

मग एका दुपारी चांगुणाबाईचा श्वास बदलला. मला तो श्वास ओळखीचा होता. झुंबरबाईलाही कळलं. ती उठून बाहेर गेली, शेण घेऊन आली आणि माझ्या पायांमधली, अगदी माझ्या पोटाखालची भुई सारवायला लागली.  आता ही काय करणार ते मला समजलं.

सारवून झाल्यावर ती चांगुणाबाईच्या उशाशी आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “पोरी, तुले खाली घ्यायले पाह्यजे,” ती म्हणाली. “नाई तं तुह्या जीवाची वाट बंद होईन. मले ते पाहवत नाई.”

बघा, तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं? आपल्या माणसासाठी जे चांगलं ते करावं, आणि तिला ठाऊक असलेलं चांगलं ते हेच. बाहेर जाऊन तिनं हाका मारल्या, कोणी हात लावायला या रे म्हणून. रस्त्यापलीकडच्या सावलीत माणसं बसलेली होती. त्यांनी ऐकलं, पण बाजेला शिवायला कोणी उठलं नाही. ती परत आली आणि स्वतःच चांगुणाबाईच्या काखेत हात घालून ओढू लागली. तिला स्वतःचं अंग उचलत नव्हतं, तर दुसऱ्याचं काय उचलणार!

चांगुणाबाई तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, ती आता नाही म्हणेल. आईचे गार पाय पोटाशी धरून बसलेली पोर ती. आयुष्यभर तिनं एकालाही खाली जाऊ दिलं नव्हतं. पण झुंबरबाईचे हात तिच्या अंगावर होते, आणि त्या हातांनी चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणासाठी काही केलेलं नव्हतं, कारण कोणी करूच दिलं नव्हतं. चांगुणाबाईनं डोळे मिटले, पुन्हा उघडले.

“ओढू नको, माय, तू पडशीन,” ती हळूहळू म्हणाली. “पायथ्याची दोरी सोड. मी आपोआप खाली जातो.”

झुंबरबाईनं विळा आणला. पायथ्याची दोरी कापली, मग कडेच्या गाठी एकेक करून. मेहबूबनं घट्ट आवळलेल्या त्या गाठी. मित्रांनो, मला दुखलं का असं विचाराल. दुखलं. पण मी एकदम सुटले नाही. जेवढं धरता येईल तेवढं धरत, थोडी थोडी सैल होत गेले, जेणेकरून तिला हिसका बसू नये. माझं विणकाम खाली झोळीसारखं उतरलं आणि तिची पाठ सारवलेल्या भुईला टेकली. अंगाखाली अजून माझीच दोरी होती.

झुंबरबाई घाबरून म्हणाली, “थंड लागते का वं?”

“नाई,” चांगुणाबाई म्हणाली. “बरं लागते.”

 झुंबरबाई भुईवर पसरली, दांड्याखालून हात घालून तिचं डोकं धरून राहिली. दिवस कलायच्या सुमारास चांगुणाबाई गेली.

दुसऱ्या दिवशी चिखलीहून तिचे ख्रिस्ती बंधू-भगिनी आले. निरोप उशिरा पोचला होता. भली माणसं होती, ओक्साबोक्शी रडली. त्यांनी तिला धुतलं, पांढरं वस्त्र घातलं, प्रार्थना केली, गीत म्हटलं आणि मातीत ठेवलं. झुंबरबाई कुंपणाशी उभी होती. ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांतल्या एका बाईनं भिकारीण समजून तिच्या हातावर दशमी ठेवली. झुंबरबाईनं ती घेतली आणि गोठ्याकडे निघून गेली.

मला कोणीतरी काठीनं ढकलत ढकलत भिंतीमागे आणून उभं केलं. मेहबूबला कळलं असतं तर त्यानं मला पुन्हा विणलं असतं, पण त्याला कळवणार कोण?

आणि पुढचा हिवाळा आला. झुंबरबाईची छाती पुन्हा भरली. ती गोठ्यात त्याच ओल्या भुईवर होती. एका सकाळी रुक्मिणीबाई माझ्यापाशी आली. बराच वेळ उभी राहिली. शेजारीण कुंपणापलीकडून काय झालं म्हणून विचारत होती. रुक्मिणीबाई म्हणाली, “म्हातारी बाज मागून राह्यली. चांगुणाची बाज आना म्हनते. घरातली दुसरी दिली तं नको म्हनते.” शेजारीण म्हणाली, वातात बरळत असंन. रुक्मिणीबाईनं माझ्याकडे हात पुढे केला. बोटं दांड्याला लागली. तिनं माझ्या मधली ती मोकळी जागा पाहिली, हात मागे घेतला, पदराला पुसला आणि निघून गेली. मी तिला दोष देत नाही. तिच्या चुलीवर दूध होतं आणि मनात भीती होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बैल सोडायला गेलेल्या गड्याला झुंबरबाई गार पडलेली दिसली. जाताना तिच्याजवळ कोण होतं, ती काही म्हणाली का, कोणालाच माहीत नाही. भुईवर होती, म्हणजे नीट गेली असं लोक म्हणाले. उकंडरावांनी सगळं रीतीप्रमाणे केलं, त्यात काही उणं ठेवलं नाही.

मित्रांनो, मला पुन्हा विणा, मला छपराखाली न्या असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. झुंबरबाईनं बाज मागितली असं गावाला वाटलं. तिला बाजेशी काय करायचं होतं, घरात दुसरी होतीच की. बाजेबरोबर जे माणूस यायचं, दाराशी बसून नाव विचारायचं, सकाळी हाकेला ओ द्यायचं, ते तिला हवं होतं. तसं माणूस आमच्या गावात एकच होतं आणि ते गेलं होतं. तुमच्या गावात आहे का, एवढं आज घरी गेल्यावर विचारा. कोणी नाही म्हणालं, तर रडत बसू नका. गोठ्यात, फाट्यावर, कोणाच्या पडवीत जे कोणी पडलं असेल, त्याच्याजवळ तुम्हीच जाऊन बसा.